कानाच्या पडद्याला कूर्चेचं ठिगळ: ऑपरेशननंतर या चुका टाळा

कान वर्षानुवर्षं वाहतोय, पडदा आत ओढला गेलाय किंवा आधीचं ऑपरेशन टिकलं नाही, अशा वेळी बरेचदा कानाच्याच कूर्चेचा (मऊ, लवचिक हाडाचा, म्हणजे कार्टिलेजचा) पातळ तुकडा पडद्याच्या जागी बसवतात. ती कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यातून किंवा मागच्या वाटीतून घेतात. मूळ पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटरचा. कूर्चा त्याहून जाड आणि चिवट, म्हणून सहजासहजी खचत नाही.

'चिवट' ऐकून माणसं निर्धास्त होतात, तिथंच घोळ होतो. सुरुवातीचे काही आठवडे ती नुसती टेकवलेली असते, हळूहळू विरघळणाऱ्या स्पंजच्या आधारानं.

सगळ्यात महागात पडतं ते नाक जोरात शिंकरणं. नाकाच्या मागून मध्यकर्णाकडं, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीकडं, नळी जाते. त्या वाटेनं गेलेली हवा ठिगळाला आतून ढकलते. शिंक आलीच तर दाबू नका, तोंड उघडं ठेवून येऊ द्या. जलनेती, भस्त्रिका, विमानप्रवास, पाण्यानं भरलेल्या बादल्या उचलणं हे सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

मग पाणी. डॉक्टरांनी डोक्यावरून अंघोळीला परवानगी दिली की व्हॅसलीन चोपडलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी बसवा, आत कोंबू नका, आणि अंघोळ झाली की लगेच काढा. आणि इंदूरकरांनो, यंदाची गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उधळणारी मिरवणूक, टीव्हीवरच बघा! राजवाड्याकडं टँकरचे फवारे वरच्या मजल्यांपर्यंत पोचतात. 'गच्चीतून बघतो' ही पळवाट चालायची नाही. आजीचं लसणीचं तेलही कपाटातच राहू द्या.

आठवड्याभरात 'ऐकू येत नाही, ऑपरेशन फसलं' असं ठरवू नका. कानात पॅकिंग असतं. ऐकण्याची तपासणी साधारण दोन-तीन महिन्यांनी होते. मधूनच टकटक आवाज, थोडं लालसर पाणी, जिभेच्या एका बाजूची चव बदलणं, हे होऊ शकतं; चवीची एक नस पडद्यामागूनच जाते. मात्र तोंड वाकडं झालं, गरगरणं वाढलं, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कान कोरडा झाला म्हणून तारखा चुकवू नका. कूर्चा अपारदर्शक असते, तिच्यामागं कोलेस्टीटोमा (पडद्यामागं साठत जाऊन हाड पोखरणारी त्वचेची गाठ) पुन्हा वाढू लागला तरी बाहेरून दिसत नाही. गरज वाटली तर डॉक्टर एमआरआय सांगतात.