इंदूरला गव्हाचा दाणा घेऊन जाताना

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन वलयात फिरवून प्रखर एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर) बीमटाइम, म्हणजे प्रयोगासाठी ठरलेला वेळ, मिळाला की पहिला आठवडा आनंदात जातो आणि उरलेले दिवस कधी संपतात ते कळत नाही. म्हणून पत्र आलं त्याच दिवशी वही उघडा आणि पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा. आमचा प्रश्न होता: गव्हाच्या दाण्यातलं जस्त नेमकं कुठे बसलंय, आणि पीठ चाळताना किती कोंड्यात जातं? असा प्रश्न हाताशी असला की पुढचा प्रत्येक निर्णय सोपा होतो.

मग यंत्र काय दाखवू शकतं ते पाहून घ्या. बीएल-16 ही एक्स-रे फ्लुओरेसन्स मायक्रोप्रोबची बीमलाइन (वलयातून किरण नमुन्यापर्यंत आणणारी वाट) साधारण 4 ते 20 केईव्हीमध्ये (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणांच्या ऊर्जेचं एकक) चालते आणि आरशांच्या जोडीने किरण काही मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) ठिपक्यावर आणते. तिथलं प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडतं; ते स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे ऊर्जेच्या आलेखात, शिखरं म्हणून दिसतात, आणि ठिपका बिंदूबिंदूने सरकवला की कुठे काय किती याचा नकाशा तयार होतो. जस्ताचे के-इलेक्ट्रॉन (अणूतले सर्वांत आतले) उडवायला 9.66 केईव्ही लागतात, म्हणून 12 केईव्हीवर लोह, मँगनीज, तांबं, जस्त सगळं एकदम मिळतं, आणि विखुरलेल्या किरणांचा डोंगरही जस्ताच्या 8.64च्या शिखरापासून लांब राहतो. फॉस्फरसचा मोह मात्र आवरा. जस्ताला बांधून ठेवणारं फायटेट हे धान्यातलं संयुग फॉस्फरसचंच, पण त्याचे 2 केईव्हीचे क्षीण किरण डिटेक्टरपर्यंत पोचण्याआधी हवेतच विरतात. त्यावर बेतलेला प्रश्न इथे नेऊ नका. मँगनीजचं दुसरं शिखर 6.49ला, लोहाचं पहिलं 6.40ला, म्हणजे ते लोहाच्या अंगाखाली लपतं. हे आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर लोहाचे आकडे फुगतील.

आता नमुना. सगळा जीव इथे ओता, कारण बीम चांगला असूनही काम वाया जातं ते इथेच. दाणा पाण्यात भिजवून मऊ करू नका; पोटॅशियम विरघळून पसरतं, जस्तही जागा सोडू शकतं, आणि मग नकाशा भिजलेल्या दाण्याचा होतो. फॉर्मॅलिनही नको. कोरडाच कापा, आणि स्टीलच्या पात्याने कापू नका. आमच्या पहिल्या खेपेला लोहाच्या नकाशावर दाण्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, चमकदार रेघ आली. रात्री दोनला आम्ही खूश झालो, सकाळी क्रोमियमचा नकाशा उघडला तर तीच रेघ तिथेही. गव्हात एवढं क्रोमियम कुठून येणार? पात्याने ओढत नेलेलं स्टील होतं ते. तेव्हापासून हिऱ्याचं किंवा सिरॅमिकचं पातं आणि प्लॅस्टिकचा चिमटा, एवढंच.

कापाची जाडीही हिशोबात धरा. नमुना किरणाला 45 अंशांत उभा असतो. काप 100 मायक्रॉन जाड असला तर किरण आत जाताना बाजूला तेवढाच सरकतो, आणि एवढ्या पट्ट्यातलं जस्त एकाच ठिपक्यावर मोजलं जातं. अल्युरोनचा, म्हणजे कोंड्याचा सर्वांत आतला, थर गव्हात एका पेशीचा, जेमतेम 50 मायक्रॉनच्या आसपास. जाड कापात तो फासटून दिसणार. जमेल तितका पातळ काप घ्या, आणि तो चुरत असेल तर चार-पाच जादा करून ठेवा.

काप काचेच्या स्लाइडवर चिकटवू नका. साध्या काचेत कॅल्शियम आणि लोह दोन्ही असतात. प्लॅस्टिकच्या चौकटीवर ताणलेली कॅप्टॉन या प्लॅस्टिकची पातळ फिल्म बरी. नुसत्या फिल्मचाही एक स्पेक्ट्रम घ्यायचा आहे, म्हणून एक रिकामी चौकट बरोबर ठेवा. चौकटीच्या दोन कोपऱ्यांत टायटॅनियमची बारीक तार लावा: 4.51चं शिखर गव्हात कुणाच्या वाटेत येत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाचा फोटो व नकाशा त्यावरून जुळवता येतात. फोटो इथूनच, मोजपट्टीसकट काढा. आकड्यांसाठी अमेरिकेतल्या एनआयएसटी या प्रमाण-मापन संस्थेचं गव्हाच्या पिठाचं प्रमाणित स्टँडर्ड, एसआरएम 1567बी, गोळी दाबून घ्या.

वेळेचं गणित कागदावर मांडाच. 3 मिमी बाय 3 मिमीचा काप 10 मायक्रॉनच्या पावलांनी मोजला तर 90,000 बिंदू, आणि बिंदूला 1 सेकंद धरला तरी 25 तास, मोटर सरकण्याचा वेळ वेगळाच. त्याऐवजी आधी 50 मायक्रॉनच्या पावलांनी अख्खा काप, 3,600 बिंदू, एक तास. मग अंकुराजवळचा 0.6 मिमीचा चौकोन 10 मायक्रॉनने, पुन्हा तेवढाच वेळ. कुठला चौकोन हे नकाशा पाहून ठरवायचं असतं, म्हणून पायमका हे स्पेक्ट्रम उलगडणारं सॉफ्टवेअर घरीच शिकून, एखादा जुना स्पेक्ट्रम फिट करून पाहा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात: प्रवेशाचे अर्ज वेळेत, मूळ ओळखपत्र, लॅपटॉपची आधी केलेली नोंद. कुणाचं नाव यादीत राहिलं असेल तर आत्ताच फोन करा.

पुण्याहून रात्रभराची गाडी असते. नमुन्यांचा डबा सिलिका जेलसकट हातातल्या पिशवीत राहू द्या. चौकटीमागे नंबर, आणि तोच नंबर वहीत. पोचल्यावर पहिला स्कॅन गव्हाचा नको, स्टँडर्डचा. आणि प्रत्येक फाइलबरोबर आयन चेंबरचं (येणारा किरण किती तीव्र आहे ते मोजणाऱ्या उपकरणाचं) वाचन साठवलं जातंय ना हे स्वतः उघडून पाहा, कारण साठवणूक वलयात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह, आणि त्याबरोबर किरणही, तासागणिक उतरतो आणि सकाळचा नकाशा दुपारच्या नकाशाशी त्याच वाचनावर जुळवायचा असतो.