रत्नागिरीत नव्याने आलेल्यांचा पहिला शनिवार-रविवार
नोकरीनिमित्त नुकतेच रत्नागिरीत राहायला आलेल्या जोडप्याने पहिल्याच सुट्टीत सगळे शहर पालथे घालण्याचा अट्टाहास करू नये. आधी भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात आणि त्यांच्याभोवती फिरणे बेतावे. ओहोटीला भाट्ये किनाऱ्याची ओली, टणक पुळण चालायला फार सुखाची असते. मात्र भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून शनिवारचा अंदाज रविवारी जसाच्या तसा धरू नये. दुपारच्या उन्हात, ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा १९१६ साली मृत्यूपर्यंत जिथे राहिला तो थिबा राजवाडा निवांत पाहावा. रत्नदुर्ग संध्याकाळसाठी राखावा. मिरकरवाड्यात मासळीसाठी सकाळीच जावे आणि कल्ला उचलून तो लालभडक असल्याची खात्री करावी, कारण शिळ्या मासळीचा कल्ला तपकिरी पडतो.