मुरगळलेला घोटा: सूज कशी उतरते आणि आपण तिला वाट कशी करून द्यायची

आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड चढताना घोटे सहसा शाबूत राहतात. मुरगळतात ते उतरताना. मांड्या थकलेल्या असतात, सुट्या दगडावर पाय पडतो आणि पाऊल आतल्या बाजूला वळतं. बाहेरच्या घोट्याखालचा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, ताणतो किंवा थोडा फाटतो. तासाभरात तिथं लिंबाएवढी सूज येते.

आधी हाड मोडलं नाही ना, हे पाहा. जगभर वापरले जाणारे ओटावा नियम घरीही तपासता येतात. लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का? दुखऱ्या घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही हाडांच्या खालच्या ६ सेंटिमीटरवर, मागच्या कडेनं आणि टोकाशी बोट दाबा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्याशी असलेला उंचवटा आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दाबून पाहा. चार पावलं टाकता येत नसतील किंवा यांतल्या एखाद्या जागी हाडावरच कळ आली, तर एक्स-रे काढायलाच हवा. पाऊल वाकडं दिसत असेल, बोटं गार, निळसर किंवा बधिर पडली असतील, तर वेळ न घालवता इस्पितळ गाठा.

हाड ठीक असेल तर पुढचं काम शरीर करतं, आणि ते कसं करतं हे कळलं की आपल्या निम्म्या चुका टळतात. पहिल्या काही मिनिटांत रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाझरू लागतात. त्या वाटेनं न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात. पहिल्या एक-दोन दिवसांत त्यांची गर्दी सर्वांत जास्त असते आणि त्या तुटक्या तंतूंचा कचरा फोडतात. मागून मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या मोठ्या पेशी, येतात. हा दाह, म्हणजे ही सगळी सूज आणि ठणका, आपोआप विझतो, अशी समजूत बराच काळ होती. तसं नाही, शरीर तो मुद्दाम थांबवतं. ठणका देणारी प्रोस्टाग्लँडिनं नावाची रसायनंच काही तासांनी पेशींना लिपॉक्सिन बनवायला लावतात. १९८४ साली शोध लागलेल्या या रेणूंचा निरोप असा: नव्या न्यूट्रोफिलनी आता येऊ नये. मासळीतल्या ओमेगा-३ पासून बनणारी रेझॉल्व्हिनंही हेच काम करतात. मेलेले न्यूट्रोफिल मॅक्रोफेज गिळतात, आणि तसं गिळतानाच त्यांचा स्वभाव पालटतो. तोडफोड थांबवून ते दुरुस्तीचे संकेत सोडू लागतात.

म्हणून पहिले दोन दिवस सूज दिसताच आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेण्याची घाई करू नका. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिनंच अडवतात, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी दाहाची सांगता लांबलेली दिसली आहे. माणसाच्या मुरगळीत त्यांनी मोठं नुकसान होतं असं ठामपणे दिसलेलं नाही, तेव्हा एखादी घेतली गेली म्हणून घाबरू नका. पण ठणका सोसवत नसेल तर आधी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम घ्या, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवा. यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू असतो. अंगात ताप असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि ॲस्पिरिन टाळाच, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो.

बर्फाचंही तसंच. १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चौकडी सांगितली, पण बर्फानं भरणं लांबू शकतं हे त्यांनीच पुढे मान्य केलं. वेदनेपुरता बर्फ फडक्यात गुंडाळून १० मिनिटं लावा. थेट त्वचेवर नको.

क्रेप बँडेज १० सेंटिमीटर रुंदीचं घ्या. बोटांच्या मुळापासून सुरुवात करून घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घ्या आणि टाच झाका. बँडेज पुरतं ताणू नका, निम्मं ताणलं की पुरे. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही, तर बँडेज सोडून सैल बांधा. रात्री काढून ठेवा. पडल्यावर पायाखाली दोन उशा घ्या, पाय छातीपेक्षा उंच हवा.

चोळणं मात्र पहिल्या आठवड्यात अजिबात नको. लचक ‘बसवण्यासाठी’ पाय ओढणं, तेल रगडणं यानं जुळू पाहणारे तंतू पुन्हा तुटतात आणि रक्त साकळतं. आंबेहळदीचा लेप हलक्या हातानं, न फाटलेल्या त्वचेवर लावायला हरकत नाही. सुजेवर गरम शेकही तीन-चार दिवस नको.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हालचाल सुरू करा. साचलेलं पाणी लसीकावाहिन्यांतून, म्हणजे लिंफच्या बारीक नळ्यांतून, परत जातं आणि त्या वाहिन्यांना पंप लागतो तो पोटरीच्या स्नायूंचा. दर दोन तासांनी पाऊल वर-खाली २० वेळा हलवा, मग अंगठ्यानं हवेत अ ते ज्ञ गिरवा. घरातल्या घरात चाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज कालच्यापेक्षा वाढलेली दिसली, तर हालचाल निम्म्यावर आणा, बंद करू नका. संध्याकाळी थोडी सूज येणं काही आठवडे चालतं.

सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असं नाही, आणि बहुतेकांची चूक इथंच होते. अस्थिबंधाचे तंतू ज्या प्रथिनाचे बनतात ते कोलॅजन आधी कच्चं आणि अस्ताव्यस्त तयार होतं. ते बळकट व्हायला, ओढीच्या दिशेनं लागायला कित्येक महिने जातात, आणि ती दिशा त्याला बेताचा भार दिल्यानंच कळते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कट्ट्याला हात टेकून टाचा उचला, १५ च्या दोन फेऱ्या. मग दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं राहा, जमलं की डोळे मिटून. तोल सांभाळायचा हा सराव टाळला तर तोच घोटा पुन्हा मुरगळतो.

जेवणात रोज दोन वाट्या डाळ-उसळ, अंडी किंवा पनीर ठेवा. कोलॅजनला क जीवनसत्त्व लागतं, त्यासाठी आवळा किंवा पेरू. मासे खात असाल तर बांगडा उत्तम. जवसातल्या ओमेगा-३ पैकी फार थोडं शरीर मासळीतल्या ओमेगा-३ च्या रूपात बदलतं. तंबाखू-सिगारेट बंद ठेवा, निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा, नाहीतर मॅक्रोफेजचा पालट रखडतो.

पाच-सहा दिवसांनीही भार टाकवत नसेल, लाली पसरत असेल, ताप आला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर डॉक्टरांना दाखवा. पोटरीत रक्ताची गाठ झालेली असू शकते.

गडावर परत जाण्याआधी दुखऱ्या पायावर दहा उड्या न दुखता जमायला हव्यात. त्यानंतरचा पहिला उतार पर्वतीच्या पायऱ्यांचा निवडा, सकाळी गर्दी नसताना, कडेकडेनं.