व्यक्तिचित्र काढून घेताय? आधी चष्म्याचं ठरवा

ज्यांचं चित्र काढून घ्यायचंय त्यांना चष्मा असेल, तर तो चित्रात हवा की नको हे ॲडव्हान्स देण्याआधी घरात ठरवा. आम्ही बाबांच्या पंचाहत्तरीला तैलचित्र करून घेतलं. फोटोत काचा चमकत होत्या म्हणून त्यांना चष्मा काढायला लावला आणि चित्र तसंच झालं. नाक बरोबर, हनुवटी बरोबर, पण ते बाबा नव्हेत. नातवंडांनी त्यांना चष्म्याशिवाय कधी पाहिलेलंच नाही.

चष्मा नंतर रंगवून घेऊ, असं म्हणू नका. मायनस नंबरच्या काचेमागे डोळे लहान दिसतात, प्लसच्या काचेमागे मोठे. नंबर जास्त असेल तर काचेच्या आतून गालाची रेषासुद्धा सरकलेली दिसते. शिवाय फ्रेमची सावली गालावर पडते. हे सगळं पहिल्या रेखाटनातच हवं, वाळलेल्या रंगावर चढवलेली फ्रेम चिकटवल्यासारखी दिसते.

फोटो खिडकीपाशी बसवून काढा. उजेड एका बाजूने, फ्लॅश बंद, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि चार-पाच हात लांब. सेल्फी अजिबात नको: जवळून नाक मोठं येतं, कान मागे जातात आणि काही फोनमध्ये चेहरा उलटा साठवला जातो, मग भांग आणि तीळ भलत्याच बाजूला. चष्म्यावर चमक येत असेल तर काड्या कानांवरून किंचित उचला, काचा खाली झुकतात आणि चमक जाते. चष्मा काढू नका! व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सुरकुत्या पुसून जातात आणि सुरकुत्यांशिवाय म्हाताऱ्या माणसाचं चित्र कसलं. माणूस हयात नसेल तर कपाटातला खरा चष्मा शोधून चित्रकाराला नेऊन द्या. कुठला चष्मा, नोकरीतला जाड काळ्या फ्रेमचा की शेवटचा, यावर भावंडांत वाद होतील. ते आधीच होऊ देत.

चित्रकार मोबाइलवरच्या फोटोंवरून निवडू नका. त्याच्या घरी जा, एखाद्या वयस्क माणसाचं चित्र आणि मूळ फोटो शेजारी ठेवून दाखवायला सांगा. डोळा तयार नसेल तर आधी एखाद्या रविवारी ठाण्याहून लोकल पकडून मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीमध्ये जाऊन या, चांगली चित्रं समोरासमोर पाहा. आणि स्पष्ट विचारा, चित्र पूर्ण हाताने रंगवणार की कॅनव्हासवर फोटो छापून वर ब्रश फिरवणार? दुसरा प्रकार सर्रास चालतो, लाजू नका.

ठरलेलं कागदावर लिहून घ्या: माप, माध्यम, हात दिसणार की नाही (हातांना मेहनत आणि पैसे दोन्ही जास्त), पार्श्वभूमी, बदल कितीदा, तारीख. आणि चष्मा. तोही लिहा. खांद्यापर्यंतच्या चित्राला १८ बाय २४ इंच पुरतं, चेहरा खऱ्यापेक्षा थोडा लहान असेल तर भिंतीवर बरा दिसतो.

रंग लागण्याआधी रेखाटन बघायला स्वतः जा. घोडबंदरच्या ट्रॅफिकची सबब सांगू नका. तो चेहरा रोज बघणारं माणूस सोबत न्या, आमच्याकडे ते आईचं काम होतं आणि तिलाच आम्ही नेलं नव्हतं. तिने चष्म्याचं पहिल्या नजरेत सांगितलं असतं.

बाकी थोडक्यात. तैलरंग सावकाश वाळतो, पावसाळ्यात आणखी सावकाश, त्यामुळे डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी गणपतीच्या बऱ्याच आधी बोला. शेवटचं व्हार्निश सहसा सहा महिन्यांनी, तेव्हा परत न्यावं लागेल. तैलचित्राला काच नको, जलरंगाला हवीच. ओल येणारी बाहेरची भिंत टाळा, फ्रेममागे कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळते.