सोफ्याआधी रद्दी आणा

नव्या घरात सोफा, पलंग घ्यायची घाई नको. आधी त्याच मापात जुनी वर्तमानपत्रं जोडून चिकटपट्टीने जमिनीवर लावा आणि दोन-चार दिवस तसंच वावरा. कागदावर सारखा पाय पडतोय? मग तो सोफा त्या खोलीला मोठाच. ये-जा करायला निदान अडीच फूट वाट मोकळी हवी. कपाटाचं दार पूर्ण उघडतंय ना, तेही बघा. मुख्य दार आणि जिन्याचं वळण मोजायचं मात्र हमखास राहून जातं. आमचा पलंग जिन्यातच अडकला, शेवटी पाय काढून वर चढवला. वस्तू परत करायची वेळ आली तर वाहतुकीचा भुर्दंड वेगळाच. रंगाचंही तसंच: आधी पुठ्ठ्यावर लावून भिंतीला टेकवा, दिवसा आणि रात्री दिव्यात पाहा.