आंबा भरभरून आला, आता कलमाला खायला घाला

ज्यांच्या कलमांना यंदा फांद्या टेकेपर्यंत आंबा लागला, त्यांच्यासाठी हे घाईने लिहितोय. मृगाला फार दिवस उरलेले नाहीत.

एवढा आंबा आला कसा? हापूस मुळात वर्षाआड भरतो. मागल्या वर्षी कलम रिकामं होतं, तेव्हा तयार झालेलं अन्न काड्यांत साठून राहिलं. पावसानंतरची पालवी वेळेत जून झाली, जमीन सुकली, रात्रीची थंडी टिकली, मोहोरावर अवकाळी पडला नाही. सगळं एकाच वर्षी जुळलं. झाडाची ही साठवण पेट्या भरभरून वाशीच्या बाजारात गेली.

आता फळ काढलेली एक काडी हातात धरून बघा. देठ टोकाला काळा पडलाय, खालची पानं फिकट आहेत, डोळे फुगलेले नाहीत. हे झाड उपाशी आहे.

आणि नेमकं याच वर्षी खत चुकतं. पैसा हातात आला की घर दुरुस्त होतं, लग्न उरकतं, आळं तसंच राहतं. पुढं जुलैत दुकानदार सांगतो, कल्टार घाला, परत तेवढाच आंबा. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, ते पालवीची वाढ रोखून मोहोर काढतं. झाडाला खायला घालत नाही. उपाशी कलमावर सलग दोन-तीन वर्षं ते ओतलं की फांद्या शेंड्याकडून वाळतात. अशा बागा मी उभ्या वाळताना पाहिल्यात.

दहा वर्षांवरच्या कलमाला ५० किलो शेणखत, ३ किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, १ किलो पोटॅश. फांद्यांच्या घेराच्या थोडं आत वीतभर खोल गोल चर मारा, उतारावर वरच्या अंगाला अर्धगोल. खत घालून माती ओढा, वर गिरीपुष्पाचा पाला. बुंध्याशी खत टाकू नका, खाणारी मुळं तिथं नसतात. महागड्या टॉनिकच्या बाटल्या दुकानातच राहू द्या, त्या पैशात शेणखत येईल.

बाकीची कामं:
- बांडगूळ फांदीसकट तोडणे
- वाळक्या काड्या काढून कापावर बोर्डोपेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप)
- खोडकिड्याची भोकं तारेनं साफ करणे
- गळलेली फळं खोल पुरणे

पॅक्लोब्युट्राझोल (२३ टक्के) घालायचंच तर १५ जुलै ते १५ ऑगस्ट, घेराच्या दर मीटर व्यासाला ३ मिलि, तेही खत घातलेल्या कलमालाच. माझा ठोकताळा असा, शिफारशीत तो नाही: नागपंचमीपर्यंत पालवीचा मागमूस नसेल तर त्या कलमाला यंदा कल्टार घालायचं नाही.

बाग कराराने देत असाल तर आणखी जपा. मालक म्हणतो खत करारदार घालेल, करारदार म्हणतो मालक घालेल. खत कुणी, किती आणि कोणत्या तारखेपर्यंत घालायचं ते करारात लिहून घ्या, आणि चर मारताना स्वतः बागेत उभे राहा.