ग्राफीनच्या पट्टीवर विषाणू शोधताय? या चुका टाळा

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा थर. त्यावर बसवलेल्या अँटिबॉडीला (विषाणूला पकडणाऱ्या प्रथिनाला) विषाणू चिकटला की पट्टीचा विद्युत रोध बदलतो. पण रोध वाढला म्हणजे विषाणू सापडलाच, असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. दर वर्षी नव्या बॅचमधलं कोणी ना कोणी ती करतंच, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एका जुलैत प्रकल्पाचा एक विद्यार्थी धावत आला, "सर, सिग्नल आलाय की! चला बघायला." पॉलिइमाइड या प्लास्टिकच्या पट्टीवर लेसरने काढलेलं ग्राफीन, त्यावर बसवलेली अँटिबॉडी, वर कोरोनाच्या स्पाइक प्रथिनाचा थेंब. आलेख छान चढलेला. मी म्हटलं, आता दुसऱ्या पट्टीवर नुसत्या बफरचा, म्हणजे विषाणूचं प्रथिन नसलेल्या द्रावणाचा, थेंब टाक. आलेख तेवढाच चढला. वाकून बघितलं तर क्लिपच्या वजनाने पट्टीचं टोक टेबलाच्या कडेवरून खाली झुकलेलं, आणि थेंब सोडताना हात लागला की अजून झुकायचं. लेसरचं ग्राफीन फेसासारखं सच्छिद्र असतं. वाकवलं की त्यातले जोड सैल होतात, रोध बदलतो. याच गुणावर ताण मोजणारे सेन्सर बनतात. तीन आठवडे पोरानं पट्टीचं वाकणं मोजलं होतं. त्याचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली. पट्टी दुहेरी टेपने काचेच्या स्लाइडवर चिकटवायची. शेजारी तिची जोडपट्टी, सगळं तसंच, फक्त अँटिबॉडीशिवाय. दोघींवर एकाच नमुन्याचा सारखा थेंब, आणि वहीत लिहायचा तो दोघींतला फरक. पहिला थेंब टाकण्याआधी अर्धा तास बफरमध्ये आकडा स्थिर होऊ द्यायचा. हा अर्धा तास ज्याला जड जातो, त्याच्या आलेखावर मी विश्वास ठेवत नाही. मनगटावर बांधायची, वाकवायची हौस नंतर. सपाट पट्टीवर जे जमलं नाही ते वाकलेल्या पट्टीवर जमणार नाही.

दुसरी चूक आपल्याकडच्या पावसाळ्यात हमखास होते. अँटिबॉडी ग्राफीनला जोडायला पायरीन या सपाट कार्बन-रेणूचा दुवा वापरतात. त्याचं एक टोक ग्राफीनवर सपाट बसतं, दुसरं अँटिबॉडीतल्या अमाइनला (नायट्रोजन असलेल्या गटाला) धरतं. 2020 मध्ये दक्षिण कोरियात ग्राफीन ट्रान्झिस्टरवर (जवळच्या विद्युतभाराने ज्यातला प्रवाह बदलतो अशा उपकरणावर) कोरोना विषाणू ओळखला, तेव्हाही हाच दुवा होता. पण हे धरणारं टोक पाण्याने मरतं. फ्रीझरमधून काढलेली बाटली लगेच उघडली की कोल्हापूरची दमट हवा आत शिरते आणि भुकटीवर दव धरतं. मग अँटिबॉडी बसतच नाही आणि दोष मात्र अँटिबॉडी विकणाऱ्याला! बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण बंद ठेवा, आणि एका वेळेपुरती भुकटी छोट्या कुप्यांत आधीच वाटून ठेवा. ट्रिस बफर इथे नको, त्यात स्वतःचंच अमाइन असतं.

ट्रान्झिस्टर पद्धतीने मोजत असाल तर मिठाकडे लक्ष द्या. नेहमीच्या पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये) विद्युतभार जेमतेम 0.7 नॅनोमीटरपर्यंत जाणवतो, अँटिबॉडी त्याच्या दहापट उंच. शंभरपट पातळ केलं की ही मर्यादा 7 नॅनोमीटरच्या आसपास जाते. म्हणून जोडणी पूर्ण पीबीएसमध्ये, मोजणी पातळ केलेल्यात. आधीचं आणि नंतरचं मोजमाप मात्र एकाच बफरमध्ये घ्या, नाहीतर मिठातला फरकच सिग्नल म्हणून दिसेल.

ग्राफीनवरच्या मोकळ्या जागा बीएसएने (गाईच्या रक्तातल्या प्रथिनाने) न झाकता नमुना टाकू नका. लाळेतलं कुठलंही प्रथिन येऊन चिकटतं. तारा जोडायला लावलेल्या सिल्व्हर पेस्टला थेंब लागू देऊ नका. मी तिथे नेलपॉलिश लावतो, चांगलं टिकतं.

लेसरसाठी महागडं यंत्र लागत नाही. 2014 साली राइस विद्यापीठात ही पद्धत निघाली तीच कार्बन डायऑक्साइड लेसरवर, आणि नावाच्या पाट्या कापणाऱ्या दुकानांत तसाच लेसर असतो. फक्त दुकानदाराला "जोरात मार" म्हणू नका. जास्त शक्तीला राख होते, कमी शक्तीला नुसता तपकिरी डाग उरतो. तिथेच उभं राहून पाच-सहा चौकोन वेगवेगळ्या शक्तीला काढून घ्या, मल्टिमीटर लावा, आणि बोट न लावता डबीत घालून आणा.